नारायण वामन टिळक आणि आपले रविवारचे दान



रविवारच्या मिस्सामध्ये अर्पणविधीच्या वेळी दानाची थैली बाकांवरून फिरते. आपण खिशात किंवा पर्समध्ये हात घालतो, जे हाताला लागेल ते टाकतो आणि पुन्हा गाण्यात सामील होतो. हे दान आपण का देतो, असे कोणी विचारले तर काहीजण सांगतील की चर्चला खर्च असतो म्हणून. काहीजण सांगतील की आईवडील देत आले म्हणून. आणि काहींच्या मनात असेही येते की चर्चच्या शाळा आहेत, दवाखाने आहेत, बाहेरून मदत येते. मग आपल्या दहा-वीस रुपयांनी असा काय फरक पडणार?

हा प्रश्न रागावण्यासारखा नाही. तो विचार करण्यासारखा आहे. आज त्याचे उत्तर आपण एका मोठ्या माणसाच्या आयुष्यात शोधू या. त्यांचे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक. ते कॅथलिक नव्हते, प्रॉटेस्टंट मंडळीचे होते. पण मराठी ख्रिस्ती माणूस कोणत्याही मंडळीचा असो, टिळकांची भजने त्याच्या ओठांवर असतात. इतर मंडळ्यांतील बंधुभगिनींच्या जीवनात पवित्र आत्म्याने जे चांगले घडवले ते आनंदाने मान्य करावे आणि त्यातून शिकावे, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ साली आपल्याला सांगितले आहेच.

कोकण ते नागपूर

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण घराण्यात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने कडक. आई जानकीबाई भाविक आणि मायाळू. ही आई नारायण लहान असतानाच वारली आणि घराशी असलेला त्याचा धागा तुटला. मुलगा नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाजवळ त्याला संस्कृत शिकायला मिळाले. पैसा नव्हता, विद्या मात्र भरपूर मिळाली.

१८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिकेशी त्यांचे लग्न झाले. याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे टिळकांचे घर महाराष्ट्राला आतून पाहायला मिळाले. लग्नानंतर टिळक एका जागी फारसे टिकले नाहीत. कधी शिक्षक, कधी पुराणिक, कधी छापखान्यात काम, अशी भटकंती चालू राहिली. पैसा त्यांच्या हाती थांबत नसे. दारी आलेल्याला देऊन टाकायचे आणि मग घरात काय शिजवायचे हा प्रश्न लक्ष्मीबाईंनी सोडवायचा, असा तो संसार होता. नवऱ्याचे मन मोठे असले की बायकोच्या डब्यातली डाळ लवकर संपते, हे आपल्या माताभगिनींना समजावून सांगायला नको.

पुढे ते नागपूरला गेले. तेथे संस्कृत ग्रंथांच्या कामात आणि कवितेत त्यांचे नाव झाले. पण मनाला स्वस्थता नव्हती. माणसामाणसांत उच्चनीच करणारा धर्म देवाचा कसा असेल, हा प्रश्न त्यांना सोडत नव्हता.

रेल्वेतील भेट आणि त्याची किंमत

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एक युरोपियन गृहस्थ त्यांना भेटले. दोघांचे बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. उतरताना त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली. टिळक वाचत गेले आणि डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले. ज्याचा शोध चालला होता ते येथे आहे, अशी त्यांची खात्री झाली.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर जात गेली, नातेवाईक तुटले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या आणि पतिपत्नींची ताटातूट काही वर्षे चालली. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परत आल्या आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ती होऊन टिळकांनी काय मिळवले असे जे लोक विचारत, त्यांनी आधी काय गमावले ते पाहायला हवे होते.

टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनच्या कामात आले. धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकवू लागले. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. त्यांनी शंभराहून अधिक भक्तिगीते लिहिली. परदेशी चालींवर बेतलेल्या गाण्यांच्या जागी अभंग आणि भजन आणले, उपासनेत कीर्तन आणले. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. मराठी माणसाला आपल्या भाषेत, आपल्या टाळमृदंगावर देवाची स्तुती करता यावी, ही त्यांची तळमळ होती.

परक्याच्या ताटात किती दिवस?

त्या काळात नगर जिल्ह्यात आणि आपल्या मराठवाड्यात दुष्काळ पडले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत गावेच्या गावे उजाड झाली. मिशनऱ्यांनी अनाथ मुलांना उचलून आणले, जेवू घातले, शिकवले. त्यासाठी पैसा परदेशातून आला. टिळक पतिपत्नींनीही अनाथांना आपल्या घरात घेतले. पुढे तरुण कवी बालकवी ठोंबरे यांनाही त्यांनी घरच्या मुलासारखे ठेवून घेतले.

परदेशातून आलेल्या त्या मदतीचा टिळकांना अनादर नव्हता. मिशनऱ्यांच्या प्रेमाची त्यांना जाणीव होती. पण त्यांना दुसरी बाजूही दिसत होती. चर्चची इमारत मिशनची, शाळा मिशनची, पाळकाचा पगार मिशनचा. मग मंडळी कोणाची? ज्याच्या पैशावर घर चालते त्याचा शब्द त्या घरात चालतो. मिशनरी कितीही प्रेमळ असला तरी तो मायबाप होऊन बसतो आणि येथील ख्रिस्ती माणूस लेकरू होऊन राहतो. लेकरू मोठे व्हायचे असेल तर कधीतरी त्याने आपल्या कमाईचे घरात आणले पाहिजे. मिशनरी आणि भारतीय यांचे नाते धनी आणि चाकर असे न राहता भावाभावांचे व्हावे, हे टिळक स्पष्ट बोलत आणि लिहीत. ते सर्वांना रुचत नसे.

आणखी एक गोष्ट होती. पोटासाठी ख्रिस्ती झाले, असा टोमणा त्या काळी प्रत्येक ख्रिस्ती माणसाला ऐकावा लागे. ख्रिस्ताविषयी कोणी कितीही कळवळून बोलले तरी ऐकणारा मनात हिशेब करी की हा पगारी प्रचारक आहे. मिळणारा पगार हा टिळक आणि त्यांचे हिंदू देशबांधव यांच्यामध्ये भिंतीसारखा उभा होता.

१९१७ चा निर्णय

१९१७ साली टिळकांनी तो पगार सोडला. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती खालावत चाललेली, घरात माणसे. अशा वेळी माणूस पेन्शनचा विचार करतो. टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्याशाची वृत्ती धरली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, पण ख्रिस्ताला गुरू मानणारे, असे सर्वजण त्यात भावंडांसारखे एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना होती. उद्याची चिंता देवावर सोडलेली होती. तरी त्या देवावरच्या विश्वासाचा रोजचा भार लक्ष्मीबाईंनी उचलला, हे विसरून चालणार नाही.

दरबाराला काळ फार मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांनी देह ठेवला. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. दरबार टिळकांच्या पश्चात वाढला नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजाला सोडून गेलेला नाही. ही मंडळी कोणाची? आपली असेल, तर तिचा भार कोण उचलणार?

आपल्या मराठवाड्याची गोष्ट

हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे फ्रेंच धर्मगुरू औरंगाबाद भागातील घोगरगावसारख्या खेड्यांत आले. आपला औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला. नांदेड आणि लातूर हे जिल्हे त्यातच येतात. या सगळ्या वाटचालीत जगभरच्या ख्रिस्ती बांधवांच्या दानाचा मोठा हात होता.

ते दान देणारे सगळे श्रीमंत होते असे समजू नका. फ्रान्समधील लियों शहरात पोलिन जारिको नावाची एक तरुणी होती. रेशमाच्या कामावर जाणाऱ्या कामगारांच्या दहा-दहा जणांच्या गटाकडून ती दर आठवड्याला मिशनकार्यासाठी एक-एक सू, म्हणजे अगदी हलके नाणे, जमवी. त्यातून १८२२ साली श्रद्धाप्रसाराची संस्था उभी राहिली आणि जगभरच्या मिशनांना तिचा आधार झाला. पोलिन स्वतः १८६२ साली गरिबीत वारली. २०२२ साली ख्रिस्तसभेने तिला धन्यवादित घोषित केले. दर ऑक्टोबरमध्ये मिशन रविवारी आपण जी वर्गणी देतो, तिचे मूळ त्या कामगारांच्या नाण्यांत आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-उस्मानाबाद भागातील कोण विसरेल? किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. तेव्हा कॅरिटास इंडियासारख्या संस्थांमार्फत जी मदत आली, तिच्यातही कुठल्यातरी दूरच्या धर्मग्रामातील म्हातारीने रविवारी थैलीत टाकलेले नाणे असणार. तिने आपल्याला कधी पाहिले नव्हते.

आता दिवस बदलले आहेत. युरोपातील चर्चे रिकामी होत आहेत. परदेशी वर्गणीचे कायदे २०१० आणि २०२० साली अधिक कडक झाले. बाहेरचा ओघ आटला म्हणून काहींना भीती वाटते. टिळक आज असते तर त्यांना भीती वाटली नसती, असे मला वाटते. जी गोष्ट त्यांनी स्वतः होऊन केली, ती करण्याची वेळ आता आपल्या दारात आली आहे, एवढेच.

मग आपण का द्यायचे?

पहिले कारण न्यायाचे आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी दशांशाचा विचार करताना दोन गोष्टी वेगळ्या केल्या. जे लोकांसाठी देवाची उपासना चालवतात त्यांचा निर्वाह लोकांनी करावा, हे साध्या बुद्धीलाही पटते. किती द्यावे, दहावा भाग की आणखी काही, हे मात्र त्या त्या काळी ख्रिस्तसभा ठरवते. आज ख्रिस्तसभा आकडा सांगत नाही. उपासना, प्रेषितकार्य, दानधर्म आणि सेवकांचा निर्वाह यांसाठी प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावावा, एवढे कर्तव्य कायद्याने सांगितले आहे. वेदीवरील मेणबत्ती, विजेचे बिल, खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या धर्मशिक्षकाचे मानधन, या गोष्टी आकाशातून पडत नाहीत.

दुसरे कारण उपकाराचे आहे. संत पौलाने जेरुसलेममधील गरीब बांधवांसाठी ग्रीस देशातील मंडळ्यांकडून वर्गणी गोळा केली. आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे थोडे बाजूला काढून ठेवावे, असे त्याने करिंथकरांना कळवले. आपली रविवारची थैली एवढी जुनी आहे. आपल्याला मिळाले, आता आपण पुढे द्यायचे.

तिसरे कारण टिळकांनी शिकवले आणि मला ते आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे वाटते. देणारा माणूस घरचा होतो. पाहुण्याला आपण घरखर्चात वाटा मागत नाही. मागितला तर तो त्याचा अपमान होईल. घरच्या माणसाकडून मात्र वाटा घेतला नाही, तर तो त्याचा अपमान होतो. आपल्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी गावगाड्यात दुसऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभे राहून भाकरी मागितली आहे. कष्ट त्यांचे होते, हक्क त्यांचा होता, तरी मान खाली घालून घ्यावे लागे. त्यांची नातवंडे-पतवंडे आज वेदीपाशी ताठ मानेने अर्पण घेऊन येतात. हे केवढे मोठे स्थित्यंतर आहे! जो समाज फक्त घेणारा म्हणून ओळखला गेला, तो देणारा झाला. दहा रुपयांनी काय होते, या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. दहा रुपयांनी चर्चचे छत होणार नाही, पण देणारा त्या छताखाली घरचा होतो.

आपल्या नांदेडमध्ये सचखंड हजूर साहिब येथे लंगर चालतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. कोणीही यावे, जात-धर्म न विचारता जेवावे. आपल्या मिळकतीचा दहावा हिस्सा, ज्याला ते दसवंध म्हणतात, धर्मकार्याला द्यावा ही शीख बांधवांची शिकवण आहे. तेथे पैसे देणारे आहेत तसेच पोळ्या लाटणारे आणि भांडी घासणारेही आहेत. शेजाऱ्याकडून चांगले ते घ्यावे. ज्याच्याकडे पैसा नाही त्याने वेळ द्यावा, सुगीला पायलीभर ज्वारी द्यावी, चर्चचे अंगण झाडावे. तेही दानच आहे.

दोन गोष्टींची काळजी

ज्याच्या पैशावर घर चालते त्याचा शब्द चालतो, हे टिळकांनी ओळखले होते. म्हणून एक धोका आपणही ओळखला पाहिजे. परदेशी धन्याच्या जागी गावातला मोठा देणगीदार धनी होऊन बसला, तर आपण काही कमावले असे होणार नाही. मंदिराच्या भांडारात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेकडे प्रभू येशूने शिष्यांचे लक्ष वेधले, ते यासाठीच. चर्चमध्ये पुढचा बाक दानाच्या आकड्यावर मिळत नाही. आणि गरिबीमुळे कोणाचाही बाप्तिस्मा, लग्न किंवा अंत्यविधी अडता कामा नये, हा ख्रिस्तसभेचा कायदाच आहे. ज्या घरात या महिन्यात औषधपाण्याला पैसे नाहीत, त्या घराने थैलीसमोर लाजू नये. या महिन्यात त्यांना देणे हे आपले काम आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. दिलेल्या दानाचा हिशेब श्रद्धावंतांना मिळावा, ज्या कामासाठी दान दिले त्याच कामासाठी ते वापरावे, आणि प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असावी, असे कॅनन कायदा सांगतो. म्हणून हिशेब विचारणाऱ्याला भांडखोर समजू नका. परका माणूस हिशेब विचारत नाही, घरचाच विचारतो. मात्र घरचा माणूस विचारण्याआधी आपला वाटाही टाकतो.

शेवटी

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक साधी गोष्ट करावी. शनिवारी रात्री प्रार्थनेनंतर रविवारचे अर्पण घरातच ठरवून बाजूला काढावे. आयत्या वेळी खिशात जे सापडेल ते देणे वेगळे आणि विचार करून, प्रार्थना करून देणे वेगळे. मुलांनाही त्यात घ्यावे. त्यांच्या खाऊच्या पैशातला एक रुपया त्यांनी स्वतः काढावा आणि स्वतः वेदीपाशी न्यावा. ती मुले मोठी होतील तेव्हा हे चर्च कोणाचे, असा प्रश्न त्यांना पडणार नाही.

टिळकांनी पगार सोडला तेव्हा त्यांनी मराठी ख्रिस्ती मंडळीवर विश्वास टाकला. ही मंडळी एक दिवस आपल्या पायांवर उभी राहील, असा तो विश्वास होता. त्याला आता शंभराहून अधिक वर्षे झाली. तो विश्वास खरा करणे नांदेड-लातूरच्या आपल्या छोट्या धर्मग्रामाच्याही हातात आहे.

प्रभू येशूने आपल्यासाठी काही राखून ठेवले नाही, स्वतःलाच दिले. तो आपल्या कुटुंबांना, आपल्या शेतांना आणि आपल्या हातांच्या कामाला आशीर्वाद देवो, आणि आपली मने उदार करो.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू